अभ्यासक्रम लपवलेला नाही. कोणता कागद बघायचा, ते ठाऊक हवे

पालकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजचा सारांश असा: सरकार अभ्यासक्रम फक्त शाळांना देते, पालकांना तो बघताच येत नाही, तसेही पुस्तक हाच काय तो अभ्यासक्रम, आणि सोबतच्या शासन निर्णयाच्या पीडीएफवर सरकारी सही आहे, म्हणजे तीच अंतिम. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या शाळांपुरते बोलायचे तर यातले एकही विधान टिकत नाही.

‘पालकांना बघता येत नाही.’ पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ बालभारती या राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या ई-बालभारती संकेतस्थळावर फुकट आहेत. इयत्ता आणि माध्यम निवडायचे, उतरवून घ्यायचे. शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा तर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एससीईआरटी) मे २०२४ मध्ये हरकती-सूचनांसाठी जाहीर केला होता आणि त्यावरून चांगलाच वाद पेटला. दडवलेल्या कागदावरून वाद कसा पेटेल?

अडते ते छापील पुस्तकांचे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेखाली पहिली ते आठवीचे संच मोफत मिळतात, ते शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांना. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे विनाअनुदान चालणाऱ्या शाळेतल्या मुलाला विकतच घ्यावे लागतात. मागणी यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीवरच्या पटावरून ठरते. गठ्ठे बालभारतीच्या भांडारातून तालुक्याला आणि तिथून शाळेपर्यंत जातात. पट आधीचा, मुले जूनमधली. त्यामुळे नव्याने दाखल झालेल्यांना संच कमी पडतात आणि पट घटलेल्या शाळेत ते पडून राहतात. मुख्याध्यापकांनी तालुक्याच्या गटसाधन केंद्राला जादा मागणी लेखी कळवली, तर ते इकडचे तिकडे वळवता येतात. याला ढिसाळपणा म्हणा हवे तर, लपवाछपवी नव्हे.

‘पुस्तक हाच अभ्यासक्रम.’ नाही. आराखडा दिशा ठरवतो, अभ्यासक्रम इयत्तावार अपेक्षा मांडतो, पुस्तक हे त्या गाठण्याचे एक साधन. खातरजमा करायची तर सहावीच्या गणिताच्या पुस्तकाची सुरुवातीची पाने उघडा. तिथे अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे मुलाला काय यायला हवे याचा तक्ता आहे. त्यातल्या ०६.७१.०१ या क्रमांकात ०६ म्हणजे इयत्ता, ७१ म्हणजे गणित, शेवटचा अनुक्रमांक. ‘किती धडे झाले?’ याऐवजी यातली एखादी ओळ शिक्षकांपुढे ठेवली, तर मुलाला काय येते आणि काय नाही, यावर नेमके बोलता येते.

‘सही आहे, म्हणजे अंतिम.’ खरी गफलत इथेच होते. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करणारा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ चा. ‘अनिवार्य’ शब्द गाळून त्यात बदल करणारा १७ जूनचा. २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही रद्द करत असल्याचे जाहीर केले. त्या दोन्ही पीडीएफ शंभर टक्के अस्सल आहेत. लागू मात्र एकही नाही.

म्हणून तपासणी दोनदा करायची. शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात १८ अंकी संकेतांक असतो. त्याच्या पहिल्या आठ अंकांत वर्ष, महिना, दिवस दिसतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की कागद खरा की बनावट ते कळते. मग शालेय शिक्षण व क्रीडा विभाग निवडून त्या तारखेनंतरचे निर्णय चाळायचे. हा टप्पा बहुतेक जण गाळतात. नव्या निर्णयाच्या वरच्या बाजूला ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून जुने निर्णय नोंदवलेले असतात. जुन्या पीडीएफवर मात्र ‘रद्द’ असा शिक्का कुणी मारायला येत नाही.