"फिट माणसाला उंची लागत नाही" म्हणे! मनाली-लेहच्या त्या मेसेजबद्दल

उन्हाळा लागला की नागपुरातल्या सायकलवाल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो, यंदाही फिरून राहिला आहे. थोडक्यात असा: "नागपूरच्या उन्हात २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची २०० किलोमीटरची राइड) मारणाऱ्याला मनाली-लेह काहीच नाही, ६ दिवसात आरामात होते. फिट माणसाला उंची लागत नाही. कापूर जवळ ठेवा, भरपूर पाणी प्या, डायमॉक्सच्या (उंचीच्या त्रासावरची गोळी) नादी लागू नका. गिअर नाही, पाय लागतात. चढ संपला की उतारावर आरामच आराम. आपल्या नागपूरच्या माणसाने रॅम (अमेरिका आरपार करायची सायकल रेस) केली, तुम्हाला काय झालं?" आणि खाली अंगठेच अंगठे.

आधी ते फिटनेसवालं घेतो, कारण बाकी चुकलं तर ट्रिप फसते, हे चुकलं तर माणूस जातो.

उंचीवर डोकं ठणकणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं हा त्रास कोणाला होईल ते तुमच्या फिटनेसवर ठरतच नाही भाऊ. तुम्ही किती भराभर वर गेलात आणि रात्री कुठे झोपलात यावर ठरतं, आणि थोडं ज्याच्या त्याच्या शरीरावर. उलट फिट पोरगाच जास्त फसतो, पाय चालून राहिले म्हणून तो दोन दिवसांची उंची एका दिवसात चढून बसतो. ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेच असते, २१ टक्के, पण हवेचा दाबच कमी. नागपूर ३१० मीटरवर आणि या रस्त्यावरचा टांगलांग ला (ला म्हणजे घाट) ५,३०० च्या वर, तिथे दाब समुद्रसपाटीच्या अर्ध्याहून थोडासाच जास्त.

डॉक्टर लोकं सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका, आणि दर ३-४ दिवसांनी एक दिवस थांबा. आता हे डोक्यात ठेवून मनाली-लेहचा रस्ता पाहा. जिस्पा ३,२०० च्या आसपास, पुढचा नेहमीचा मुक्काम सरचू, ४,३०० ला. म्हणजे एका दिवसात अकराशे! आणि मधात बारालाचा ला, ४,९०० च्या जवळ. ६ दिवसवाले नेमकं हेच करतात. बरं, रात्री सरचूला त्रास वाढला तर उतरणार कुठे? मागे जायचं तर पुन्हा बारालाचा चढा, पुढे जायचं तर गाटा लूप्सची २१ वळणं, मग नकी ला, मग ५,००० च्या वरचा लाचुंग ला, आणि एवढं करून जे पांग येते तेही ४,६०० ला, सरचूहून उंच. या त्रासाचा खरा इलाज खाली उतरणं, आणि इथे खाली जायलाही आधी वर चढावं लागते. सरचूच्या तंबूत एक तगडा पोरगा पाहिला आहे मी, समोर राजमा-चावलची प्लेट, दोन घास खाऊन नुसता तिच्याकडे पाहून राहिला होता, आणि बुटाची लेस बांधायला वाकला की डोकं धरून बसायचा. शेवटी गाडीत टाकून त्याला मागे केलाँगला न्यावं लागलं.

म्हणून केलाँग किंवा जिस्पाला एक दिवस जास्तीचा ठेवा, सरचूच्या आधी पटसेओला एक रात्र काढा, ते ३,८०० च्या आसपास आहे. ६ चे ९-१० दिवस होतात, होऊ द्या. सुट्टी मिळत नसेल तर पुढच्या वर्षी जा, साहेबाला पटवता येते, लाचुंग लाला नाही. आणि जे विमानाने सरळ लेहला, म्हणजे ३,५०० ला उतरून दुसऱ्याच दिवशी खारदुंग लाला सायकल काढतात, त्यांच्याबद्दल काय बोलावं.

रॅमचं म्हणाल तर डॉ. अमित समर्थ नागपूरचेच, २०१७ मध्ये त्यांनी ती सोलो पूर्ण केली, अभिमान आहेच. पण रॅमच्या रूटवरचा सगळ्यात उंच घाट, वुल्फ क्रीक पास, ३,३०० मीटरचा. लेह गाव त्याच्याहून उंच आहे बाप्पा! ती परीक्षा झोपेची आणि अंतराची, ही वेगळी.

उन्हाचंही तसंच. ४५ डिग्रीत सराव करून शरीर घाम काढायला शिकते, रक्तातलं पाणी वाढते, हे खरं आहे. पण पातळ हवेत श्वास वाढवणं, त्याप्रमाणे किडनीने रक्ताचं गणित बदलणं, हे वर राहूनच होते, मे महिन्यात वर्धा रोडवर भाजून नाही.

कापराने ऑक्सिजन वाढत नाही. नाक मोकळं वाटते, बस. पोटात गेला तर विषारी आहे.

डायमॉक्सच्या नादी लागू नका म्हणे, काहून? नीट अभ्यासलेलं औषध आहे, चढायच्या आदल्या दिवशी सुरू करतात. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त लागते, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावं लागते, म्हणून आपल्या डॉक्टरला विचारूनच. गोळी घेतली म्हणून सरचूचे अकराशे मीटर माफ होत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. पाणी तहानेप्रमाणे प्या, बळजबरीने साध्या पाण्याच्या बाटल्या रिचवल्या तर रक्तातलं मीठ उतरते, आणि त्याचंही पहिलं लक्षण डोकेदुखी-मळमळच, मग कळतच नाही की कशाने झालं.

आता "गिअर नाही, पाय लागतात". हे लिहिणारा बहुतेक फुटाळा तलावाला चक्कर मारून घरी जाणारा असावा. रोडबाइकला समोर ३४ दात, मागे २८ असले तर पॅडलच्या एका फेऱ्यात साधारण अडीच मीटर जाता. तिथे सामान लादलेल्या सायकलवर चढाला स्पीड ५-६ चा पडते, म्हणजे मिनिटाला ३५-४० फेरे, दिवसभर गुडघे दाबत. तेच एमटीबीला, म्हणजे डोंगरी सायकलला, समोर २२ आणि मागे ३४ असले तर त्याच स्पीडला साठच्या आसपास फेरे होतात आणि माणूस बसून, श्वास सांभाळून चढते. सायकल महागडी नको, मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, मोठी पाहिजे.

आणि पाय लागतात तर ते कुठे बनवणार? सेमिनरी हिल्सचा चढ सुरू होईस्तोवर संपते, रामटेकचा गड थोडा बरा. खरं पाहिजे तर परतवाड्याहून चिखलदरा, तीसेक किलोमीटरमध्ये सातशेएक मीटर चढ. मनालीहून रोहतांग ५० किलोमीटरमध्ये एकोणीसशे, म्हणजे पावणेतीन चिखलदरे एकावर एक. शनिवारी वर जाऊन उतरा, पुन्हा वर जा, आणि रविवारी त्याच दुखऱ्या पायांनी परत, आणि हो, सामान लादून. रिकाम्या सायकलवरचा सराव वर कामाला येत नाही.

उतारावर आराम तर मुळीच नाही. सपाटीवाल्यांना ब्रेकची सवयच नसते, तासभर दाबून ठेवले की रिम तापते, पॅड झिजते, बोटं थंडीने आखडतात आणि लिव्हरच दाबल्या जात नाही. चढताना घामाने ओली झालेली जर्सी माथ्यावरच बदला, विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज बॅगेत सगळ्यात वर ठेवा, तळाशी नाही. रस्त्यावरून वाहणारे नाले सकाळीच पार करा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढते. पॅडचे दोन जोड इथूनच न्या, आणि ते कसे बदलायचे ते सीताबर्डीतल्या आपल्या मेकॅनिकच्या बाजूला बसून आधी स्वतःच्या हाताने करून पाहा.