गोपनीयतेचे प्रशिक्षण कसे पार पाडावे

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्या दोहोंचे सार चाळीस मिनिटांत सांगणारे सक्तीचे ऑनलाइन प्रशिक्षण गेल्या सोमवारी आमच्या कार्यालयापर्यंत पोहोचले. तुमच्याकडेही ते आज ना उद्या येईलच, म्हणून चार अनुभवाचे बोल सांगून ठेवतो.

चित्रफीत पुढे ढकलता येत नाही. तेव्हा ती आवाज बंद करून लावावी आणि खुशाल जेवायला जावे.

दंडाचा आकडा मात्र पाठ करावा, कारण सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो.

प्रशिक्षण ऑनलाइन असले तरी हजेरीची सही कागदावरच घेतात. तो कागद पाठकोरा असतो. सही करताना तो उलटू नये, नाहीतर मागच्या बाजूस नोकरीसाठी येऊन गेलेल्या कुणा मुलीच्या आधार कार्डाची झेरॉक्स दिसते, पत्त्यासकट आणि बाराही अंकांसकट. पहिले आठ अंक झाकलेली प्रतही चालते, हे चित्रफितीत सांगितले असणार. पण आपण तेव्हा जेवत होतो.

गोपनीय फाइलीला पासवर्ड घालावा आणि तो त्याच मेलमध्ये खाली लिहावा.

यानंतर गटविम्याचे नूतनीकरण येते. त्याचा अर्ज अत्यंत प्रामाणिकपणे भरावा. जन्मतारीख, पूर्वीचे आजार, चालू औषधे, काहीही लपवू नये, कारण ही माहिती केवळ विमा कंपनीस दिली जाईल, अशी तळटीप अर्जावर असते. मग बुधवारी सकाळी एचआर ती सगळी माहिती एका एक्सेल फाइलीत भरून, 'आपापल्या नावांचे स्पेलिंग तपासावे' अशा नम्र विनंतीसह, एकशे चाळीस जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. मी दोन वर्षे चिंतेवरच्या गोळ्या घेतो आहे, हे माझ्या सख्ख्या भावालाही ठाऊक नव्हते. दुपारच्या चहापर्यंत ते अख्ख्या मजल्याला ठाऊक झाले, आणि ज्या गृहस्थांशी माझे आजवर हिशेबापलीकडे बोलणे नव्हते, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून 'आता झोप लागते ना?' असे विचारले. अशा वेळी हसून 'हो' म्हणावे.

तक्रार करू नये. केलीच, तर 'प्रमुख तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे' हे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे. प्रशिक्षणातले नेमके तेवढेच एक वाक्य त्यांच्या लक्षात राहिलेले असते.

अहो, मुदत कसली? दुसऱ्याचे दुखणे चव्हाट्यावर मांडू नये, हे कळायला तुम्हाला संसदेचा कायदा लागतो का? खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमुखाने सांगितले, तेही राहू द्या. एकेकाला त्याच्यापुरती ओळ पाठवायला फार तर अर्धा दिवस लागला असता, त्याचा तुम्हाला कंटाळा आला, एवढीच ही गोष्ट आहे. चूक कळल्यावर तरी फाइल काढायची, लोकांना ती पुसायला सांगायची, ज्यांची नावे त्यात आहेत त्यांची तोंडावर माफी मागायची! तुम्ही गुरुवारी त्याच ग्रुपवर सुधारित यादी टाकलीत. तिच्यात माझ्या आडनावाचे स्पेलिंग दुरुस्त झाले आहे, आणि त्याच ओळीत गोळ्यांचे नाव तसेच आहे.