नक्कल होतीच, पण ऐकून बघा

नमस्कार,

डिस्क्लोजच्या प्रभावावरच्या माझ्या लेखाबद्दल सवड काढून एवढं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डिस्क्लोज हा जपानी पंक बँड म्हणजे इंग्लंडच्या डिस्चार्ज या बँडची झेरॉक्स, पंधरा वर्षं एकच गाणं वाजवत बसले, रेकॉर्डिंगही बिघडलेलं. मग त्यांचा प्रभाव कसला?

नकलेबद्दल वाद नाही. शिकोकू बेटावरच्या कोची शहरातल्या कावाकामीने, म्हणजे डिस्क्लोजच्या गायक-गिटारवादकाने, ती कधी लपवलीही नाही. नावातला 'डिस' डिस्चार्जचाच, ड्रमचा ठेका त्यांचाच, कव्हरवरचे युद्धाचे काळेपांढरे फोटोही त्याच वळणाचे. मी लेखात डिस्क्लोजला 'स्वयंभू' म्हटलं होतं, ते चुकलंच.

पण दोन रेकॉर्ड लागोपाठ लावून बघा. डिस्चार्जची १९८२ची 'हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग' आणि डिस्क्लोजची १९९९ची 'नाइटमेअर ऑर रिअ‍ॅलिटी'. पहिलीत गिटारचा घाव न घाव मोजता येतो. दुसरीत गिटार पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसासारखी आहे. सूर आत कुठेतरी चाललेला असतो, कानावर येतो तो सरसराट. तुम्हाला बिघाड वाटला तो हाच, आणि तो मुद्दाम केलेला आहे. १९८०च्या दशकात क्युशू बेटावर, फुकुओकाच्या कन्फ्यूजसारख्या बँडांनी गिटार अशी कर्कश करून ठेवली होती. त्यांच्या कानात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे डिसऑर्डर आणि केऑस यूके हे बँड होते. कावाकामीने डिस्चार्जचा ठेका घेतला आणि त्यावर हा क्युशूचा गोंगाट चढवला. असा आवाज डिस्चार्जच्या कुठल्याच रेकॉर्डवर तुम्हाला सापडणार नाही.

शिवाय खुद्द डिस्चार्जने ती वाट मध्येच सोडली. १९८६च्या 'ग्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये ते मेटलकडे वळले, गायकाचा आवाजही चिरका झाला, चाहते बिथरले. आपल्याकडे गुरूची चीज गुरूसारखी गाणाऱ्या शिष्याला कोणी झेरॉक्स म्हणत नाही. इथे तर गुरूने सोडलेली गायकी शिष्याने सांभाळली.

प्रभावाचं म्हणाल, तर टोकियो-ओसाकापासून लांबच्या गावातून हा माणूस स्वीडनच्या टोटॅलिटार, पोलंडच्या होमोमिलिशिया अशा बँडांबरोबर स्प्लिट रेकॉर्ड काढत होता. एक बाजू त्यांची, एक आपली. त्यातून त्याचा आवाज देशोदेशी पोचला. २००७ साली कावाकामी गेला आणि बँडही तिथेच संपला. पण त्यानंतर जे बँड 'रॉ डी-बीट' म्हणून, म्हणजे डिस्चार्जच्या ठेक्यावरचं कच्च्या आवाजाचं पंक वाजवत, पुढे आले, त्यांतल्या कितीतरी जणांची गिटार ऐका. ती १९८२च्या डिस्चार्जसारखी लागत नाही, कोचीसारखी लागते.

'स्वयंभू' हा शब्द मूळ लेखातून आज काढला आहे. एकच विनंती, ती डिस्क्लोजची रेकॉर्ड मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. हेडफोन लावा आणि फक्त बेसच्या मागे जा. सूर तिथे सापडतो.