टूसॉनला टँकर का लागत नाही

पाऊस कमी झाला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायकवाडी धरणाचा विषय हमखास निघतो. 2023 साल तसंच होतं. नाशिक आणि नगरच्या धरणांतून 8.6 टीएमसी पाणी खाली सोडण्याचा आदेश निघाला, वरच्या भागात आंदोलनं झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबरमध्ये एकदाचं पाणी सुटलं. आम्ही जायकवाडीच्या पाण्यावर अवलंबून असलेली माजलगावकडची माणसं, त्यामुळे आमची बाजू ठरलेली. 2005च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटप लिहिलंय ना, मग द्या आमचं पाणी. नाशिकला स्थायिक झालेले दोघं-तिघं विचारतात, आमच्या द्राक्षबागांचं काय करायचं?

त्या नोव्हेंबरात हे सगळं मी ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये बसून वाचत होतो. थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती आणि कॉलेजातला मित्र कधीपासून बोलावत होता. बेत असा काही नव्हताच. सकाळी उशिरा उठायचं, अंगणात उन्हाला बसायचं, वहिनींच्या हातचं थालीपीठ खायचं, संध्याकाळी सग्वारो निवडुंगांच्या मधून फिरून यायचं. दोन-तीन पुरुष उंचीचे ते निवडुंग डोंगरउतारावर हात वर करून उभे असतात आणि त्यांच्यामागे कॅटलिना डोंगर मावळतीला गुलाबी होतात. मिनेसोटातून गेलेल्या माणसाला नोव्हेंबरातलं ते ऊन म्हणजे मेजवानीच. थंडीने आखडलेलं अंग पार सैल झालं.

पण डोक्यात जायकवाडी होतं. टूसॉनला वर्षाला 11 इंचांच्या आसपास पाऊस पडतो. बीड जिल्ह्यात त्याच्या दुपटीहून जास्त पडतो. तरी उन्हाळ्यात टँकर आमच्याकडे लागतात, आणि 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. हे कसं, असं मी मित्राला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, चल, दाखवतो.

गाडीने नाही, पायीच गेलो. जुन्या वस्तीतला साधा रस्ता. कडेच्या काँक्रीटच्या कठड्याला वीतभर खाच पाडलेली, तिच्या तोंडाशी गोटे रचलेले आणि आत फूटभर खोलगट खड्डा. तळाशी वाळलेल्या गाळाच्या पापुद्र्या, त्यावर मेस्कीटच्या झाडाच्या शेंगा पडलेल्या. पाऊस पडला की रस्त्यावरून वाहून जाणारं पाणी त्या खाचेतून आत शिरतं आणि झाडांच्या मुळांशी जिरतं. त्या झाडांना नळाचं पाणी लागत नाही. ब्रॅड लँकेस्टर नावाच्या रहिवाशाने परवानगी नसताना असा कठडा कापला, पुढे शहराने ती पद्धत अधिकृत केली. शहरातल्या बागांना आणि गोल्फच्या मैदानांना 1984पासून शुद्ध केलेलं सांडपाणी जातं. कोरड्या सांताक्रूझ नदीच्या पात्रातही 2019पासून तेच पाणी सोडतात. काठावर उभं राहिलो तर खाली गवत हिरवं होतं आणि कठड्यावर बगळा बसला होता.

एवढं बघून "अमेरिकन लोक बघा किती शिस्तीचे" असं लिहिणं सोपं आहे, पण ते खरं नाही. टूसॉन कित्येक वर्षं जमिनीतलं पाणी उपसून जगलं. आज ते कोलोरॅडो नदीवर जगतं, आणि ते पाणी सुमारे 540 किलोमीटर लांबीच्या कालव्याने, पंपांनी उचलून आणलेलं आहे. इतका पैसा नि इतकी वीज आपण कुठून आणणार? शिवाय 1992 साली ते पाणी थेट नळांना सोडलं तेव्हा जुने पाइप गंजून लोकांच्या घरी लालसर पाणी आलं आणि दोन वर्षांत पुरवठा बंद करावा लागला. आता ते आधी शहराबाहेर जमिनीत मुरवतात आणि मग उपसतात. खुद्द कोलोरॅडोही आटते आहे. 2022 सालासाठी पहिल्यांदाच अधिकृत तुटवडा जाहीर झाला आणि ॲरिझोनाचा वाटा कापला गेला.

घ्यायचं ते दुसरंच आहे. ॲरिझोनाने 1980 साली भूजलाचा कायदा केला. केंद्राने धमकावलं होतं की उपशाला आळा घाला, नाहीतर कालव्याचे पैसे मिळणार नाहीत. कायदा लागू झालेल्या भागात नवीन जमीन ओलिताखाली आणता येत नाही. मोठ्या बोअरला मीटर लागतो आणि दरवर्षी किती उपसलं ते सरकारला लिहून द्यावं लागतं. नवी वसाहत बांधायची तर 100 वर्षं पुरेल एवढं पाणी आहे हे आधी दाखवावं लागतं. आणि जिथे हा कायदा नव्हता तिथे काय झालं, तेही त्याच राज्यात दिसतं. टूसॉनच्या पूर्वेला विलकॉक्स खोऱ्यात मोठमोठ्या डेअऱ्या आणि शेतं वाटेल तेवढं पाणी ओढत राहिली, शेजारच्या घरांच्या विहिरी कोरड्या पडल्या, जमिनीला भेगा गेल्या. 2022च्या मतदानात तिथल्या लोकांनी कायदा नको म्हटलं. जानेवारी 2025मध्ये राज्याने तो लागू केलाच.

कायदा आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राच्या 2009च्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरहून खोल विहिरीवर बंदी आहे. 60 मीटर म्हणजे जवळपास 200 फूट. आमच्या शिवारात 700 फुटांपेक्षा कमी खोल बोअरचं बोलणंच होत नाही. धरणातलं पाणी डोळ्यांना दिसतं, म्हणून त्यावर आपण रस्त्यावर उतरतो. पायाखालचं पाणी कोण किती ओढतो याचा हिशेब सहसा कुठल्याच गावात मागितला जात नाही, आणि तेच पाणी उसाला जातं. आपला काळा खडक वाळूसारखं पाणी साठवत नाही, त्यामुळे हिशेब तर आपल्याला जास्त हवा. लाखो छोट्या बोअरना मीटर बसवणं जमणार नाही हे मान्य. पण नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला ग्रामसभा पावसाचा ताळेबंद मांडून पीक ठरवते, शेतीला बोअर नाही आणि ऊसही नाही. ते गाव मराठवाड्यापासून लांब नाही.

हे मी चुलतभावाला फोनवर सांगितलं. तो चिडला. "दादा, कालवा कधी सुटतो ते आम्हाला आदल्या दिवशी कळतं. पाळी वेळेवर आली असती तर कर्ज काढून कोण 700 फूट खाली गेलं असतं?" त्याचं बरोबर आहे. म्हणूनच ग्रुपवर मी आता दोन्ही गोष्टी एकत्रच मागतो आहे: रब्बीच्या पेरणीआधी कालव्याच्या पाळ्यांच्या तारखा पाटबंधारे खात्याने लेखी द्याव्यात, आणि त्याच ग्रामसभेत गावातल्या प्रत्येक बोअरची खोली आणि त्यावरचं पीक भिंतीवर लावावं. आमच्या घरच्या बोअरपासून सुरुवात करायला चुलतभाऊ अजून तयार नाही. बोलणं चालू आहे.