सूर लागला की दार लावून घ्या

तुमचं मूल समूहगानाच्या क्लासला जातं? अभिनंदन. ते तिथे सुखरूप राहावं असं तुम्हाला वाटणारच. त्यासाठी पहिलं पथ्य म्हणजे पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काहीही विचारू नका.

मी विचारलं. आमची धाकटी, वय वर्षं ९, गेल्या महिन्यात क्लासबरोबर पुण्याहून कोल्हापूरला स्पर्धेला जाणार होती. रात्रीचा मुक्काम. मी एवढंच लिहिलं, "मुलींच्या खोलीत मोठं कोण झोपणार आहे? बरोबर बायका किती आहेत?" पुढच्या चार मिनिटांत २३ जणांचे जोडलेले हात आले. कोणाला जोडले होते देव जाणे. मग एका काकांनी गुलाबाच्या फुलावरचा सुविचार टाकला, त्याला सगळ्यांनी अंगठे दिले आणि माझा प्रश्न वर सरकून दिसेनासा झाला. तेव्हा मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला वेळेवर सांगते.

घरकामाच्या मावशींचं आधार कार्ड घ्या, फोटो घ्या, पोलीस पडताळणी करून घ्या. गाण्याच्या सरांना मात्र कसलाही कागद मागू नका. पेटीवर बोटं किती सुरेख फिरतात त्यांची!

तालमीच्या खोलीचं दार नेहमी बंद असावं. कारण अगदी रास्त आहे. आवाज बाहेर जातो, शेजारच्या आजोबांची झोपमोड होते आणि रिक्षांच्या भोंग्यांनी मुलांचा सूर ढळतो. आमच्या क्लासच्या दाराला पूर्वी वीतभर काच होती. डोकावलं की पुढच्या रांगेतल्या चिमण्या आ वासून उभ्या दिसायच्या. मग काचेवर थर्माकोल लागला, थर्माकोलवर वेळापत्रक लागलं आणि त्या वेळापत्रकात शेवटी, 'सोलोची विशेष तालीम, एकेकट्याने, शनिवार सायं. ७.३०'. आता चाळीस पोरांचा आवाज कोंडण्यासाठी लावलेलं दार एका पोरासाठी कशाला लागतं, हे विचारायचं नाही. 'पोटातून आवाज काढ' असं शिकवताना सरांचा हात कोणाच्या पोटावर असतो, हे तर मुळीच विचारायचं नाही. मी लहानपणी ज्या बाईंकडे शिकले त्या स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवायच्या आणि आम्हाला आपापल्या पोटावर ठेवायला लावायच्या. आम्ही काही बेसूर झालो नाही. पण त्या नुसत्या बाई होत्या, संस्थापक-संचालक नव्हत्या. आणि दार उघडं ठेवलं तर होईल काय हो? आजोबांना वरचा सा जरा कच्चा ऐकू येईल. येऊ दे की! फेट्यांना पैसे आहेत, फ्लेक्सला आहेत, फुग्यांच्या कमानीला आहेत, आणि वीतभर काच मोकळी करायला, जिला एक रुपया लागत नाही, तिला 'बघू पुढच्या मीटिंगमध्ये'!

असो. चिडू नये. चिडलं की आवाज बसतो.

कपडे बदलायला विंगेतला पडदा पुरतो, लहानच तर आहेत. पडद्याआड मोबाइल घेऊन फिरणारे दादा कोणाचे तरी दादा असतीलच. मूल शनिवारी 'पोट दुखतंय, नाही जात' म्हणालं तर तीन महिन्यांची आगाऊ फी आठवा.

क्लास निवडताना नाव बघा. मला संचालकांनी फोनवर हेच समजावलं, "अहो ताई, आपल्याकडे असलं काही होत नाही. एवढं नाव आहे आपलं." नावाचंच म्हणाल, तर जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या कॅथेड्रलच्या मुलांच्या गायकवृंदाइतकं जुनं नाव कोणाचं असणार? त्याची परंपरा थेट इसवी सन ९७५ पर्यंत सांगतात. २०१७ साली तिथला चौकशी अहवाल आला. १९४५ नंतरच्या काही दशकांत ५४७ मुलांनी तिथे मार खाल्ला होता किंवा लैंगिक अत्याचार सोसले होते. ५४७! आमच्या क्लासएवढे तेरा वृंद उभे राहतील आणि तरी पोरं उरतील. आणि इतकी वर्षं सगळे गप्प का? तर नावासाठीच.

आणि एखादं मूल बोललंच, तर 'आपसांत मिटवू' म्हणा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात लिहिलंय की अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असं काही घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवायलाच हवं, आणि हाताखालच्या माणसाने केलेलं संस्थेच्या प्रमुखाने कळवलं नाही तर त्याला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण तो कायदा वाचणार कोण? आपल्याला तर २६ जानेवारीच्या गाण्याची तालीम आहे.

नाही जमत मला हे असं तिरकं लिहायला. सरळच बोलते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं कळलं तेव्हा याच ग्रुपवर तुम्ही सगळ्यांनी काळे डीपी लावले होते. आता आपल्याच पोरींची झोपायची खोली कोणती, एवढं विचारलं तर मी 'निगेटिव्ह'? त्या रात्री सात जणींचे मला वेगळे मेसेज आले, "तुमचं अगदी बरोबर आहे, पण ग्रुपवर नको ना." मग कुठे? सरांवर माझा आरोप नाही. ते देवमाणूसही असतील. पण उघड्या दाराने देवमाणसाचं काय बिघडतं?

आणि मीही काही शूर नाही. "सॉरी, गैरसमज नसावा" असं लिहून मी धाकटीची बॅग भरली आणि पाठवली तिला. रात्रभर फोन उशाशी. नऊला येणारी बस साडेबाराला आली, हायवेच्या कडेला, सर्व्हिस रोडच्या अंधारात पोरं उतरवली. कोण कोणाबरोबर गेलं, कोणी मोजलं नाही. त्या आठवड्यात धाकटी पुढच्या रांगेतून तबल्याच्या मागे गेली. उंच झालीय म्हणे. आख्ख्या वृंदात तिच्याहून बुटक्या दोनच आहेत.

तेवीस जणांनो, हात खाली घ्या. शनिवारी साडेसातला क्लासवर या. दार उघडं राहावं म्हणून मी घरून फोल्डिंगची खुर्ची आणतेय, उंबऱ्यातच टाकणार आहे. आळीपाळीने बसा. आणि सुविचार पाठवू नका.