रत्नागिरी ते चिपी, फक्त ३९ मिनिटं

गणपतीला रत्नागिरीहून परुळ्याला मामाकडे जायचंय? मग एसटी स्टँडवर चौकशी कसली करताय! मोबाइल काढा, दोन विमानतळांमधलं अंतर सांगणारं एखादं पान उघडा. इकडे रत्नागिरी टाका, तिकडे सिंधुदुर्ग, म्हणजे परुळ्याजवळचा चिपीचा विमानतळ. बघा: हवाई अंतर सुमारे ११५ किलोमीटर, वेळ ३९ मिनिटं. आता मामीला फोन करून भात टाकायला सांगा.

या दोन विमानतळांमध्ये विमानच नाही, असली बारीकसारीक शंका काढू नका. तुम्ही अंतर विचारलंत, त्याने अंतर सांगितलं. विमानाचं कुठे विचारलं होतं?

हिशेब अगदी सोपा असतो. वेग ताशी ८०० किलोमीटर धरायचा आणि चढण्या-उतरण्याला सरसकट अर्धा तास. म्हणजे उडायला जेमतेम नऊ मिनिटं! पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, आचरा, सगळ्या खाड्या नऊ मिनिटांत पार. कोणी जास्तच खोलात शिरलं तर अंतर सागरी मैलांत सांगा, ६२. समोरचा गप्प बसतो.

निघताना दोन तास आधी पोचा. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाच्या ताब्यात आहे, तेव्हा दारावरच्या जवानाला 'चिपीचं विमान कुठून सुटतं' म्हणून विचारा. त्यालाही दिवसभरात हसायला काहीतरी हवंच. सामानात खोबऱ्याच्या वाट्या मात्र नकोत. सुकं खोबरं विमानाच्या नियमांत धोकादायक माल आहे, त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं म्हणे. आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याचा डबा फळीवर ठेवून खाली घोरत आलो, तो आपला अडाणीपणा.

रस्त्याने जायचा मोह टाळा. दीडशेच्या वर किलोमीटर पडतात. हातखंब्याला हायवेला लागलात की 'काम चालू आहे' ही पाटी भेटते. ती इतकी वर्षं तिथे आहे की तिला पाहून मुलं 'लांजा आलं' म्हणतात. रेल्वे आहे, १९९८ पासून आहे, पण पावसाळ्यात दरडींच्या भीतीने तीही जपून चालते, आणि कुडाळला उतरल्यावर रिक्षावाल्याशी जी घासाघीस होते ती कुठल्याच वेळापत्रकात नसते.

आणि हो, सड्यावर जमीन असेल तर ३९ मिनिटांचं सोनं करा. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, अडीच किलोमीटरची धावपट्टी आहे. तुमच्या प्लॉटच्या जाहिरातीत बिनधास्त लिहा, 'रत्नागिरी विमानतळापासून ३९ मिनिटांवर'. खोटं कुठे आहे? गिऱ्हाईक मुंबईचं असेल तर तो कुठून कुठे उडणार हे विचारतही नाही, विहिरीला पाणी आहे का एवढंच विचारतो.

मी स्वतः हा प्रयोग केला. सकाळी मामीला फोन लावला, म्हटलं, "मामी, ३९ मिनिटांत पोचतो."

"इमान खंय उतरतला? आमच्या खळ्यात?"

"तसं नाही गं, अंतर तेवढंच आहे."

"अंतर घाल चुलीत. कणकवली सोडलंस काय फोन कर, मगे मी तव्यार तुकडे टाकतंय."