मोबाइल दुकानाच्या मालकाचं उत्तर: ‘टॉकबॅक लावला आणि फोन बिघडला’

नमस्कार साहेब. दृष्टिहीन वडिलांसाठी घेतलेला फोन हँग होतो, मराठी बोलत नाही, तोंडी सांगून कॉल लागत नाही आणि यूपीआयचा पिन चारचौघांत बोलून दाखवतो, असं तुम्ही लिहिलंय आणि हँडसेट बदलून मागितलाय. नवा हँडसेट दिला तरी तो असाच वागेल, कारण यातलं काहीच हार्डवेअरचं नाही.

टॉकबॅक म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय. ती चालू असताना एक टॅप म्हणजे नुसतं वाचणं. उघडायचं तर डबल टॅप, आणि लिस्ट सरकवायला दोन बोटं. एका बोटाने ओढलं की स्क्रीन हलत नाही, तेच तुम्हाला हँग वाटतंय. बऱ्याच घरांत काकांना हे जमत असतं. अडतं ते डोळसांचं! तुम्हाला फोन वापरायचा असेल तेव्हा आवाजाची दोन्ही बटणं ३ सेकंद दाबून धरा, टॉकबॅक बंद होईल. परत देताना तसंच चालू करून द्या. खाली तीन बटणांचं नेव्हिगेशनच राहू द्या, जेश्चरच्या, म्हणजे बटणांऐवजी बोट सरकवायच्या, भानगडीत सध्या पडू नका.

मराठीसाठी सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग टेक्स्ट-टू-स्पीच (मजकुराचा आवाज करणारी सोय). इंजिन गूगलचं, भाषा मराठी, आणि व्हॉइस डेटा वायफायवर उतरवून घ्या. हा शेवटचा भाग राहिला की इंग्रजी आवाजच बोलत राहतो आणि त्याला देवनागरी धड वाचता येत नाही. वेग सुरुवातीला कमी ठेवा. टॉकबॅकचा आवाज वेगळा असतो, गाण्यांचा वाढवून तो वाढत नाही.

तोंडी कॉल लावणं हे टॉकबॅकचं कामच नाही, ते असिस्टंटचं, म्हणजे तोंडी हुकूम ऐकणाऱ्या वेगळ्या सोयीचं. त्याला नेट लागतं आणि त्याची भाषा वेगळी निवडावी लागते. कॉन्टॅक्टमध्ये ‘सुनील इले. २ न्यू’ असं नाव असेल तर ‘सुनीलला फोन लाव’ म्हणून ते सापडेलच असं नाही. नावं साधी करा. स्पीकरवर टॉकबॅक बोलत असेल तर माइक तेच ऐकतो, म्हणून इअरफोन बरा.

पिनलाही इअरफोनच. वायरचा घ्या, ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो आणि बोट चुकतं. तीन बोटांनी टॅप केलं की टॉकबॅकचा मेनू येतो, त्यात स्क्रीन लपवायची सोय आहे. मग शेजारच्याला काही दिसत नाही. आणखी एक: जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) बोट उचललं की अक्षर उमटतं, पण पिनच्या पानावरचा कीपॅड अ‍ॅपचा स्वतःचा असतो, तिथे सहसा डबल टॅप करावा लागतो. आकडे गळतात ते इथेच.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये नुसतं ‘बटण, बटण’ ऐकू येतं ही तक्रार मात्र रास्त आहे. अ‍ॅप बनवणाऱ्याने बटणांना नावं दिलेली नाहीत. टॉकबॅकच्या मेनूतून काही बटणांना आपलं नाव देता येतं, पण सगळ्यांना नाही. ही तक्रार बँकेकडे लेखी करा.

दुपारी दुकानात गर्दी नसते तेव्हा या. फोन एकटा आणू नका, काकांना घेऊन या; सेटिंग त्यांच्या बोटांना जमेल तसं लावायचं असतं. पैसे लागणार नाहीत.